स्वभावाला औषध नाही, हे कुणी ठरवलं?

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या वाड्याच्या बोळात अण्णांची स्कूटर वळायची. इंजिन बंद व्हायचं आणि मग स्टँड लावल्याचा आवाज यायचा. तो आवाज कसा आला त्यावर पुढची सगळी संध्याकाळ ठरायची. हलकेच 'टक' वाजलं तर अण्णा हातपाय धुऊन पाढे म्हणून घ्यायचे, एखाद्या दिवशी भेळेची पुडीही निघायची. खाडकन वाजलं तर मी आणि धाकटी बहीण पुस्तकं उघडून भिंतीकडे तोंड करून बसायचो. आई स्टोव्ह बारीक करायची आणि पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. आमच्या आणि त्यांच्या मध्ये. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. त्या आवाजाचा माझा अंदाज कधीच चुकला नाही.

आता माझी पन्नाशी उलटली. अण्णा थकलेत, स्कूटर भंगारात जाऊन वीस वर्षं झाली. तरी ऑफिसात शेजारच्या केबिनमध्ये खुर्ची जरा जोरात सरकली की माझी पाठ ताठ होते. कुणी "जरा बोलायचं होतं" म्हणालं की शब्द कानावर पडायच्या आधी मी समोरच्याच्या कपाळावरच्या आठ्या वाचायला लागतो. बायको म्हणते, "तुम्ही सारखे धास्तावलेले असता, तुमचा स्वभावच तसा." मुलगी म्हणते, "बाबा भांडण झालं की गप्पच होतो." नात्यातली मोठी माणसं म्हणतात, हा लहानपणापासून बुजराच. आणि सगळे शेवटी एकाच म्हणीवर येऊन थांबतात: स्वभावाला औषध नाही.

मला या म्हणीशी भांडायचं आहे. ज्याला आपण स्वभाव म्हणून सोडून देतो, त्यातला मोठा भाग म्हणजे लहानपणी मिळालेल्या वागणुकीनं मेंदूत पाडलेल्या वाटा असतात. गेल्या तीसेक वर्षांतलं संशोधन हेच सांगतं आहे. हे खरं असेल तर मुलाला मारणं, त्याचा पाणउतारा करणं, त्याची हेळसांड होऊ देणं हा 'ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न' राहत नाही. पोलिओचा डोस जितका सगळ्यांचा प्रश्न होता, तितकाच हाही आहे.

मूल जन्माला येताना चेतापेशी बहुतेक सगळ्या बरोबर घेऊन येतं, पण पेशी-पेशींमधल्या जोडण्या मुख्यतः जन्मानंतर होतात. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्या भरमसाट वाढतात, लागतील त्याहून कितीतरी जास्त. मग छाटणी सुरू होते. द्राक्षबागायतदाराला विचारा, कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची यावर त्याचं वर्षाचं पीक अवलंबून असतं. मेंदूतली छाटणी वापरावर होते. रोज वापरली जाणारी वाट टिकते, तिच्यावर मायेलिन नावाचं स्निग्ध आवरण चढतं आणि निरोप झपाट्यानं जायला लागतात. न वापरलेली वाट बुजते. कपाळामागचा भाग, म्हणजे 'थांब, आधी विचार कर' असं सांगणारा, विशी उलटली तरी तयार होतच असतो. धोका ओळखणारा अमिग्डाला मात्र फार लवकर कामाला लागतो. घरात धोक्याची घंटा आधी बसते आणि ती बंद करायचं बटण खूप उशिरा. मधल्या काळात घंटा रोजच वाजत राहिली, तर त्या मेंदूच्या वाटा घंटेच्याच आजूबाजूनं आखल्या जातात.

बॉस्टनजवळच्या मॅक्लीन हॉस्पिटलात मार्टिन टायशर आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षं याच आखणीचा माग काढत आले आहेत. 2014 मध्ये त्यांनी अडीचशेहून अधिक तरुण मुलामुलींचे एमआरआय तपासले. सगळे 18 ते 25 वयाचे, काहींच्या लहानपणी मारझोड, शिवीगाळ, लैंगिक अत्याचार किंवा हेळसांड झालेली, काहींच्या नाही. मेंदूच्या निरनिराळ्या भागांची जाडी एकमेकांशी किती जुळते हे पाहून त्यांनी जोडण्यांचं जाळं मांडलं, आणि त्या जाळ्यात कोणता भाग किती महत्त्वाच्या ठिकाणी आहे हे मोजलं. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांनी जंक्शनं शोधली. मनमाडला किंवा दौंडला किती मार्ग मिळतात, त्यावर त्या गावाचं रेल्वेतलं वजन ठरतं. तसंच हे. छळ सोसलेल्या मुलांमध्ये भावनांना आवर घालणाऱ्या आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायला मदत करणाऱ्या काही भागांचं जंक्शनपण कमी झालेलं दिसलं. उलट इन्सुला आणि प्रीक्युनिअस या भागांचं वजन वाढलेलं होतं. इन्सुला आपल्या शरीरातली धडधड, पोटातला गोळा, आतली ओढ यांची खबर ठेवतो. प्रीक्युनिअसचा संबंध स्वतःविषयीच्या विचाराशी येतो. गाड्या त्याच, रूळही तेच, पण वर्दळ भलत्याच स्टेशनावरून चाललेली.

हे वाचलं तेव्हा मला खुर्ची सरकल्यावर ताठ होणारी माझी पाठ आठवली. एका माणसाच्या पाठीवरून शास्त्र सिद्ध होत नाही, याची मला जाणीव आहे. पण आपल्या आत काय चाललंय याला शब्द मिळाला की माणूस जरा मोकळा श्वास घेतो, हेही तितकंच खरं.

याच गटाचं 2009 मधलं एक काम मला जास्त अस्वस्थ करतं, कारण त्यात मार नव्हताच. त्यांनी बाराशेहून अधिक तरुणांमधून अशी सोळा माणसं निवडली, ज्यांना आईवडिलांनी कधी हात लावला नव्हता पण शब्दांनी सतत सोलून काढलं होतं. भाषा ऐकण्याच्या आणि बोलण्याच्या केंद्रांना जोडणारा जो चेतातंतूंचा जुडगा असतो, तो या माणसांमध्ये विरळ झालेला आढळला. पुढे 2012 मध्ये, आईवडिलांची मारहाण लहानपणी डोळ्यांनी पाहिलेल्या तरुणांमध्ये दृश्य माहिती भावनांच्या केंद्रांकडे नेणाऱ्या मार्गात फरक दिसला. 2013 मध्ये एका वेगळ्या गटानं 51 स्त्रियांची तपासणी केली. लहानपणी लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रियांमध्ये, शरीराच्या त्या भागाची संवेदना जिथे नोंदली जाते तिथलाच मेंदूचा थर पातळ झालेला होता. ज्या दारातून घाव आला, ते दारच मेंदूनं अर्धवट लोटून घेतलं.

टायशर याला बिघाड म्हणत नाहीत, जुळवून घेणं म्हणतात. मला हे पटतं. ज्या घरात रोज "दगड आहेस, दगड", "तुझ्या वयाच्या शेजारच्या पोराकडे बघ", "तू झालीस तेव्हापासूनच घराला उतरती कळा लागली" असं ऐकावं लागतं, त्या घरातल्या मुलाच्या कानांनी थोडं बहिरं होणं ही त्याची सोय आहे. अंगाला शिवीगाळ लागू नये म्हणून केलेली तजवीज आहे ती. फक्त ती तजवीज लग्नानंतरही उतरत नाही. बायको मायेनं काही सांगत असते आणि नवऱ्याच्या चेहऱ्यावर रेघ हलत नाही. ती म्हणते, याला काही वाटतच नाही.

आपल्या भाषेत अशा तजविजींना छान छान नावं आहेत. तापट. संशयी. आतल्या गाठीचा. हळवा. आणि या सगळ्यांत मला सर्वांत जास्त टोचतो तो 'सोशिक' हा शब्द. स्थळ सुचवताना मुलीचा गुण म्हणून तो आवर्जून सांगितला जातो: मुलगी फार सोशिक आहे हो, उलटून बोलणार नाही. ती उलटून का बोलत नाही, बोलायला लागली तेव्हा काय झालं होतं, हे कुणी विचारत नाही. व्यक्तिमत्त्वाचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार आढळतं की लहानपणी भावनिक छळ झाल्याचं सांगणाऱ्या माणसांमध्ये चिंता, खंत, चटकन अस्वस्थ होणं या बाजूकडे कल जास्त असतो, आणि दुसऱ्यावर विश्वास टाकणं त्यांना जड जातं. मानसशास्त्र या कलाला न्यूरॉटिसिझम म्हणतं. आपण त्याला कुंडलीतला चंद्र म्हणतो, किंवा आजोळचं वळण म्हणतो.

यावर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. सोळा माणसांवरून किती बोलायचं? माणसाला लहानपण खरंच जसं होतं तसं आठवतं का? 2019 मध्ये सोळा अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, तेव्हा लहानपणीच नोंद झालेला छळ आणि मोठेपणी आठवणीतून सांगितलेला छळ यांचा मेळ फारच कमी बसला. ज्यांची नोंद होती त्यांतल्या अनेकांनी पुढे तो सांगितलाच नाही, आणि ज्यांनी सांगितला त्यांतल्या अनेकांची नोंद नव्हती. शिवाय आईवडिलांनी मुलाला मार दिला तसा त्यांचा रक्ताचा वारसाही दिलेला असतो. तापट बापाचा मुलगा तापट निघाला तर दोष पट्ट्याचा की रक्ताचा?

आणखी एक आक्षेप आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो: मूलच हट्टी होतं, म्हणून मार खाल्ला. याचं उत्तर इंग्लंड आणि वेल्समधल्या जुळ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात सापडतं. 1994-95 मध्ये जन्मलेल्या अकराशेहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांवरून तिथल्या संशोधकांनी तपासलं की मुलाच्या उपजत वृत्तीचा मार मिळण्याशी किती संबंध आहे. साध्या चापटीच्या बाबतीत थोडा संबंध दिसला. खोडकर पोराला चापट जास्त मिळते. पण गंभीर मारहाणीत मुलाच्या वृत्तीचा जवळपास काहीच वाटा नव्हता. तिचं कारण मारणाऱ्या माणसात आणि त्याच्या परिस्थितीत होतं. म्हणजे "तू असा वागतोस म्हणून मला मारावं लागतं" हे वाक्य, जे लाखो मुलांनी खरं मानून आयुष्यभर पाठीवर वाहिलं, ते मुळातच खरं नव्हतं. ही एक गोष्ट तरी प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाला कुणीतरी सांगायला हवी.

आणि रक्त की वागणूक या वादाचं सर्वांत स्वच्छ उत्तर रोमानियातून आलं. तिथं थोडं थांबावं लागेल.

1966 मध्ये तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या सरकारनं लोकसंख्या वाढवण्यासाठी गर्भपातावर बंदी घातली. पोसता येत नाहीत अशी मुलं जन्माला आली आणि सरकारी संस्थांत जाऊन पडली. डिसेंबर 1989 मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांमध्ये लाखाहून जास्त मुलं होती. तिथं मारझोड होत होती, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथं काहीच होत नव्हतं. पाळण्यांच्या रांगा, ठरल्या वेळी दूध, ठरल्या वेळी कपडे बदलणं, आणि एकेका बाईकडे डझनांनी मुलं. रडलं तरी कुणी येत नाही हे कळलं की तान्हं मूल रडायचं थांबतं. त्या खोल्यांत गेलेल्या परक्या माणसांना सगळ्यांत जास्त हादरवलं ते तिथल्या शांततेनं.

2000 साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या तिघा अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमध्ये एक प्रयोग हाती घेतला. संस्थांमधली 136 मुलं घेतली, सगळी सहा ते एकतीस महिन्यांची. चिठ्ठ्या टाकून त्यांतली 68 मुलं खास निवडलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या पालक-कुटुंबांत ठेवली. बाकीची होती तिथेच राहिली. त्यांच्यापैकी कुणाला पुढे घर मिळत असेल तर मध्ये यायचं नाही असं ठरलेलं होतं. या चिठ्ठ्यांवर मी खूप वेळ अडकलो. मूल कोणाकडे जाईल हे नशिबावर टाकलं, म्हणूनच रक्ताचा, आजाराचा, हट्टीपणाचा फरक दोन्ही बाजूंना सारखा वाटला गेला आणि उरला तो फक्त घराचा. शास्त्राला यापेक्षा चोख पुरावा मिळत नाही. पण ज्या 68 जणांची चिठ्ठी निघाली नाही, त्यांचा विचार मनातून जात नाही.

आठव्या वर्षी या मुलांच्या मेंदूतल्या विद्युत लहरी मोजल्या. दोन वर्षांची होण्याआधी घरात गेलेली मुलं आणि कधीच संस्थेत न राहिलेली मुलं यांच्या लहरी जवळपास सारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांच्या नाही. पुढे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या चेतातंतूंची तपासणी झाली तेव्हाही घरात वाढलेल्यांचे कित्येक मार्ग सुधारलेले होते. मायेनं जवळ घेणं एमआरआयमध्ये दिसतं, असं म्हणायला आता हरकत नाही. दुसरीकडे, याच संस्थांमधून इंग्लंडमधल्या कुटुंबांत दत्तक गेलेली मुलं पंचविशीच्या आसपास पोचली तेव्हा 67 जणांचे मेंदू तपासले गेले. त्यांनी संस्थेत 3 ते 41 महिने काढले होते, आणि पुढची वीस-बावीस वर्षं चांगल्या घरात. तरी इंग्लंडमध्येच जन्मून दत्तक गेलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मेंदूचं आकारमान सरासरी 8.6 टक्क्यांनी कमी होतं, आणि संस्थेतल्या प्रत्येक वाढत्या महिन्यागणिक ते कमी होत गेलेलं होतं.

म्हणून "लहान आहे, त्याला काय कळतंय" या वाक्याची मला भीती वाटते. कळण्याच्या आधीच त्याचा हिशेब लिहिला जात असतो.

आता आपल्याकडे येऊ. 2007 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं तेरा राज्यांमधल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही त्यात होते. बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून जे आकडे आले ते त्या दोन दिवसांच्या वर्तमानपत्रांत छापून आले आणि विसरले गेले. तीनांतल्या दोन मुलांनी शारीरिक मारहाण झाल्याचं सांगितलं. घरात मार खाणाऱ्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्क्यांना मारणारे आईवडीलच होते. शाळेत जाणाऱ्यांपैकी 65 टक्क्यांनी शाळेत शिक्षा झाल्याचं सांगितलं. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सांगितला, आणि त्रास देणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते.

हे सांगायला लागलं की एक ठरलेलं उत्तर येतं: आम्हीही छड्या खाल्ल्या, आमचं काय बिघडलं? मला चौथीत एक मास्तर होते. पट्टी आडवी नाही, उभी धरायचे, आणि बोटं जुळवून समोर करायला लावून नखांवर मारायचे. जानेवारीत सकाळच्या शाळेला ती पट्टी जशी लागते तशी दुसरी कुठलीच वस्तू मला लागल्याचं आठवत नाही. आमच्या वर्गातली पोरं आज इंजिनीअर आहेत, एक जण तहसीलदार झाला, एकाचं किराण्याचं चांगलं चालतं. गेट-टुगेदरला सगळे त्या पट्टीच्या आठवणी काढून हसतात आणि म्हणतात, मास्तरांनी घडवलं. जे सातवीत शाळा सोडून गेले ते गेट-टुगेदरला नसतात. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

जे तगले त्यांच्याबद्दलही टायशर यांच्या कामातून एक चकित करणारी गोष्ट पुढे आली आहे. लहानपणी छळ सोसूनही ज्यांना पुढे कोणताही मानसिक आजार झाला नाही, अशांच्या मेंदूतही जोडण्यांमधले तेच बदल दिसतात. ते निभावून नेतात, पण ओझं तेवढंच उचलून. "काही बिघडलं नाही" याचा अर्थ "काही झालं नाही" असा होत नाही.

तितकंच ठामपणे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आपण पोळलेल्या मुलांच्या कपाळावर नवा शिक्का मारू. अमेरिकेत कॅथी स्पॅट्झ विडम यांनी 1967 ते 1971 या काळात कोर्टात नोंद झालेल्या छळाच्या 908 प्रकरणांतल्या मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. मोठेपणी त्यांच्यातल्या सुमारे 29 टक्क्यांना गुन्ह्यांसाठी अटक झाली. छळ न झालेल्यांमध्ये हे प्रमाण 21 टक्के होतं. वाढ आहेच. पण शंभरांतले सत्तर जण त्या वाटेला गेलेच नाहीत. "मार खाल्लेला मारणारच" हे वाक्य "स्वभावाला औषध नाही" याचंच जुळं भावंड आहे, आणि दोन्ही सारखीच खोटी.

अण्णांना त्यांचे काका सांभाळायचे. विहिरीवरून यायला उशीर झाला की निर्गुडीची फोक. हे मला त्यांनी सांगितलं ते दोन वर्षांपूर्वी, दवाखान्यात, सलाइन लावलेलं असताना. पाय दाबत होतो तर पोटरीवरच्या दोन पांढऱ्या रेघा दिसल्या आणि मी विचारलं. ते म्हणाले, "मी तुम्हाला फोक कधी लावली नाही रे." हे खरं होतं. त्यांनी हातानंच मारलं. जिथून ते निघाले होते तिथून ते बरंच अंतर चालून आले होते, आणि मला ते पन्नास वर्षांत कळलं नव्हतं.

म्हणूनच आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, दोन पाळ्यांत काम, डोक्यावर कर्ज, आणि मूल वाढवायचं कसं याबद्दल कुणी एक अक्षर शिकवलेलं नाही. त्यांच्या हातात वाडवडिलांनी दिलेलं एकच हत्यार आहे, धाक. हेळसांड तर पुष्कळदा सरळ गरिबीतून येते. दिवाळीनंतर कोयता घेऊन बीडहून कारखान्यावर जाणारी बाई तान्ह्याला उसाच्या पाल्याच्या सावलीत ठेवते तेव्हा तिला बालसंगोपनावर व्याख्यान देणं हा गुन्हा ठरेल. तिच्या मुलाला गावातच ठेवून घेणारं, नीट चालणारं हंगामी वसतिगृह हेच तिथलं मेंदूशास्त्र.

कायद्यात मात्र एक भोक आहे आणि ते बुजवायला हवं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 नुसार 2010 पासून शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. गोव्यानं तर 2003 च्या बाल कायद्यातच शाळांमधला मार बंद केला होता. घराचं काय? 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 27 मध्ये, बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी सद्‌भावनेनं पालकानं, किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्या कुणी केलेली कृती गुन्हा ठरत नाही. इंग्रजांच्या 1860 च्या दंड संहितेतलं हेच कलम नाव बदलून तसंच पुढे आलं. एरवी इंग्रजांच्या खुणा पुसायचा आपल्याला केवढा उत्साह, आणि ही मात्र आपण जपून ठेवली. डॉक्टरनं मुलावर शस्त्रक्रिया करण्यासाठी हे संरक्षण लागेल, मान्य. मग त्यात एक ओळ वाढवा की मारणं या 'भल्यात' बसत नाही.

ही ओळ वाढवली म्हणून आयांना तुरुंगात घालायचं, असं मुळीच नाही. घरातल्या मारावर बंदी घालणारा जगातला पहिला देश स्वीडन, साल 1979. त्या तरतुदीला स्वतंत्र शिक्षाच जोडलेली नव्हती. सरकारनं लहान मुलं असलेल्या घराघरांत पुस्तिका पोचवली, आणि दोन महिने दुधाच्या खोक्यांवर ही माहिती छापली, सकाळी टेबलावर आईवडील आणि मुलं एकत्र बसलेली असताना दोघांनाही वाचता यावी म्हणून.

आपल्याकडेही करण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं पुष्कळसं फार खर्चाचं नाही. बालगृहांत वाढणाऱ्या मुलांसाठी घर शोधताना बुखारेस्टचा तो दोन वर्षांचा आकडा डोळ्यांसमोर हवा. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, संस्थेऐवजी कुटुंबात मूल वाढावं हाच तिचा हेतू आहे. कागदपत्रांसाठी आजी-मावश्यांनी हेलपाटे घातले तर प्रत्येक हेलपाट्याला मुलाच्या वाढीतला एक महिना जातो, हे त्या टेबलामागच्या माणसाला माहीत असायला हवं. बीएडला येणाऱ्या प्रत्येकाला चाळीस पोरांचा वर्ग छडीशिवाय कसा आवरायचा हे प्रत्यक्ष वर्गात उभं करून शिकवायला हवं, कारण नुसती बंदी घातली की छडीची जागा जीभ घेते, आणि जिभेनं काय होतं ते आपण वर पाहिलं. जातीवरून मारलेला टोमणा त्यात आलाच. अंगणवाडीताई घरोघर जाऊन बाळाचं वजन घेतात, दंडाचा घेर मोजतात. त्याच भेटीत, बाळ रडून रडून आपला तोल जायला लागला तर त्याला खाली ठेवून दोन मिनिटं बाहेर जाऊन उभं राहा, एवढं सांगता येईल.

मोठ्यांचं काय, असं मला विचारतात. मेंदूच्या वाटा पुढेही बदलतात, सावकाश. समुपदेशनानं बदलतात, न ओरडणाऱ्या माणसाच्या सहवासानं बदलतात. मी स्वतः दीड वर्ष एका समुपदेशक बाईंकडे गेलो. पहिल्याच भेटीत त्यांनी खुर्ची मुद्दाम हळू सरकवली आणि म्हणाल्या, "हा आवाज ऐकलात? आता काहीही होणार नाहीये." मी त्यांच्यासमोर रडलो. तेव्हापासून पाठ ताठ होते, पण लवकर सैल पडते.

आमच्या इमारतीत पहाटे साडेपाचला दुधाचा क्रेट येतो. पिशवी दारात पडली की उचलून ओट्यावर ठेवायचं काम माझं. परवा ती हातात धरून नीट पाहिली. नाव, वजन, तारीख, उकळून वापरा, पिशवी कचऱ्यात टाकू नका. खालच्या पट्टीत दोन बोटं रुंदीची पांढरी जागा मोकळी आहे. एक ओळ सहज बसेल.